कबूल केलेले केस

मी शाळेत मराठी शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर हा माणूस नेमका कुठला असा प्रश्न कुणालाही पडेल. मलाही पडतो, पण मला निदान पगारापुरतं उत्तर माहीत आहे.

माझे वडील तामिळनाडूच्या पार खालच्या टोकाकडून रेडीच्या बंदरावर वेल्डिंगच्या कामाला आले. तेव्हा बंदरावर लोखंडाच्या मातीचे डोंगर लागलेले असत आणि ते बार्जमध्ये भरायला कुठकुठची माणसं आलेली असत. आमच्या चाळीत एका भिंतीपलीकडे मल्याळम, दुसऱ्या भिंतीपलीकडे कानडी आणि बाहेर नळावर सगळ्यांची मिळून मालवणी. दोरीवरच्या सगळ्यांच्या कपड्यांना मात्र एकच रंग, तांबडा. पुढे माल कमी झाला, माणसं आपापल्या मुलखात परत गेली. वडिलांनी मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला घेतली, गावात चार खोल्यांचं घर बांधलं आणि आम्ही राहिलो ते राहिलोच.

शाळेत नाव घालायच्या वेळी मास्तरांनी आडनाव विचारलं. आमच्यात आडनाव नसतं, वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर पुढे लावलं की झालं. मास्तर म्हणाले, रकाना मोकळा ठेवता येत नाही. त्यांनी जरा विचार केला, गावाच्या नावाला ‘कर’ लावलं आणि रकाना भरून टाकला. वडिलांनी मान डोलावली. एका मिनिटात आम्ही इथले झालो, निदान रजिस्टरात तरी.

अम्माला, म्हणजे माझ्या आईला, असं एका मिनिटात काही होणं मान्य नव्हतं. ती नळावर झक्क मालवणी बोलायची, मासळीबाजारात बांगड्यांच्या वाट्यावरून भांडायची, पण उंबऱ्याच्या आत आली की तामिळ. रोज स्वयंपाक झाला की पहिला घास कावळ्यांचा. केळीच्या पानाच्या तुकड्यावर गरम भात, त्यावर तुपाचा थेंब, ते पान ती मागच्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर ठेवायची आणि ‘का, का’ अशी हाक मारायची. कावळा जेवल्याशिवाय आम्हाला पान नाही. शेजारच्या काकीला हे बघवत नसे. ती म्हणायची, “अगो, कावळ्याक रोज घास घालतत काय? तो पितरांचो.”

अम्मा म्हणायची, “मगे? पितर काय वर्साक एकदाच जेवतत?”

काकी मान उडवून आपल्या अंगणात जायची. आमच्या गडग्यावरचे कावळे मात्र इतके माजले की भाताला उशीर झाला तर खिडकीत येऊन अम्माला ओरडायचे.

मी चौथीत होतो तेव्हा मला कावीळ झाली. चांगलीच झाली. डोळे, नखं, सगळं पिवळं. अम्मानं आपल्या कुलदैवताला माझे केस कबूल केले. नवस बोलली की ती हळदीत भिजवलेल्या फडक्यात एक रुपयाचं नाणं गाठ मारून बांधायची आणि ती पुरचुंडी देवघरातल्या खिळ्याला टांगायची. तिच्या माहेरी, सासरी सगळीकडे ही रीत. नवस फिटेपर्यंत गाठ सोडायची नाही. मी बरा झालो. मेच्या सुट्टीच्या अगदी शेवटी आम्ही गाडीनं दीड दिवस प्रवास करून तिकडे गेलो. गावाबाहेर तळ्याच्या काठी आमचा देव, त्याच्यापुढे रांगेनं मातीचे मोठेमोठे घोडे. मला मामाच्या मांडीवर बसवलं, न्हाव्यानं डोकं चकोट केलं आणि अम्मानं स्वतः उगाळलेलं चंदन माझ्या डोक्यावर थापलं. ते इतकं गार होतं की मी ओरडलो आणि सगळे नातेवाईक हसले. तिकडे चकोट केलेलं पोर म्हणजे आनंदाची गोष्ट. मूल वाचलं, देवाला पोचलं, आता जेवायला बसा.

इकडे जूनमध्ये शाळा उघडली.

बाईंनी हजेरी घेताना माझ्याकडे पाहिलं आणि हजेरी अर्ध्यात थांबवली. त्या माझ्याजवळ आल्या, माझ्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, “कधी झालं रे, बाळा?”

“मागच्या मंगळवारी,” मी म्हणालो.

त्यांनी मला पुढच्या बाकावर बसवलं. त्या दिवशी मला पाढे विचारले नाहीत. मधल्या सुट्टीत, एरवी मला ‘इडली’ म्हणून हाक मारणाऱ्या मुलानं आपल्या डब्यातलं आंब्याचं साठ मला अख्खं दिलं. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की यांना माझे वडील गेले असं वाटतंय. इथे मुलगा चकोट करतो तो आईबाप गेल्यावरच, एवढं मलाही माहीत होतं. वडील तर तेव्हा विजयदुर्गला कुठल्याशा बार्जच्या दुरुस्तीवर होते, आठ दिवस त्यांना गावात कुणी पाहिलं नव्हतं. मी उठून सांगायला हवं होतं. पण इतकं प्रेम मला त्या वर्गात आधी कधी मिळालं नव्हतं. मी मान खाली घालून बसलो, साठ खाल्लं आणि गप्प राहिलो.

संध्याकाळी काकी पेजेचं पातेलं घेऊन आमच्या दारात आली. मर्तिकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी पेज घेऊन येतात. तिच्यामागे वाडीतल्या आणखी पाचसहा बायका. अम्मानं केसांत भरगच्च गजरा माळला होता, कपाळाला एवढं मोठं कुंकू. देवाहून आल्यावर बायका भेटायला आल्यात असं समजून तिनं हसत हसत सगळ्यांना आत घेतलं आणि कॉफीचं आधण ठेवलं. काकी तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. मी बरा झालो म्हणून काकीला भरून आलंय असं अम्माला वाटलं आणि तीही रडली. बाकीच्या बायका तिच्या गजऱ्याकडे बघत एकमेकींना कोपरं मारत होत्या. एवढ्यात वडील हातात ताज्या बांगड्यांची दोरीत ओवलेली गाथण घेऊन दारात उभे राहिले.

“मेल्या!” काकी किंचाळली, “जितो आसस तू? आनी हंय मी रडान रडान डोळे फोडून घेतलंय!”

मग ती पेज आम्ही सगळ्यांनी भाजलेल्या बांगड्यांबरोबर खाल्ली. वाडी पुढे कितीतरी वर्षं ती गोष्ट सांगून हसत होती. वडील मात्र त्या दिवशी फारसे हसले नाहीत. बायका गेल्यावर ते अम्माला म्हणाले, आपल्याला इथे राहायचंय, हे केसांचे नवस आता पुरे. अम्मा म्हणाली, “सरि.” सरि म्हणजे बरं. तिचं सरि फार लहान असायचं आणि त्यावर पुढे काही बोलता यायचं नाही.

तिनं तो शब्द तीसेक वर्षं पाळला. मधे माझं लग्न झालं, कट्टा गावची बायको आली. मग वडील गेले, तेव्हा मी केस काढले. त्या एका बाबतीत तिकडची आणि इकडची रीत एकच असल्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. बायकोनं मला तसं तेव्हाच पाहिलं, एकदाच. तिच्या डोळ्यांसमोर ते डोकं तसंच राहिलं असणार, कारण पुढे सगळं त्यावरूनच अडलं.

मग कोरोना आला. मला झाला आणि चांगला छातीपर्यंत गेला. अठरा दिवस मी जिल्ह्याच्या ठिकाणी ऑक्सिजनवर होतो. घरच्यांना भेटायला बंदी. मी परत आलो तेव्हा मला उंबरा चढतानाही धाप लागत होती. देवघरापुढे नमस्काराला वाकलो आणि गणपतीच्या मागे, खिळ्याला, ताजी पिवळी पुरचुंडी दिसली. मी अम्माकडे पाहिलं. ती नजर चुकवून म्हणाली, “तुझे बाबा असते तर रागावले असते. पण मला दुसरं काय येतं?”

मी हसलो. जाऊ या मेमध्ये, म्हणालो. त्या मेमध्ये गाड्या बंद होत्या. पुढच्या मेमध्ये दहावीचे पेपर तपासायला आले. त्याच्या पुढच्या वेळी मामाच्या घरी लग्न होतं आणि लग्नात मी चकोट करून उभा राहणार नाही असं मीच म्हणालो, जणू तिकडे त्याचं कुणाला काही वाटणार होतं. दरवर्षी कारण खरं असायचं. खरी कारणं सापडत गेली की माणसाला आपण टाळतोय हे कळायलाच वेळ लागतो. अम्मा दरवेळी सरि म्हणायची.

मग तिची किडनी गेली.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पहाटे गाडीत घालून गोव्याच्या हद्दीपलीकडे न्यायचं, दुपारी आणायचं. परत येताना ती इतकी थकलेली असायची की तिचं डोकं माझ्या खांद्यावरून खाली घसरायचं आणि मी ते पुन्हा पुन्हा वर घ्यायचो. तिला तामिळनाडूपर्यंतचा एवढा लांबचा प्रवास आता झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी मला जवळ बसवून तामिळमध्ये म्हणाली, “राजा, तिकडे जाणं आता होत नाही. तू इथेच केस काढ. फडक्यात बांधून ठेव, माझ्यामागे कधीतरी नेऊन घाल. देव रागावणार नाही. पण मला बघायचंय.”

मी म्हणालो, बरी हो आधी.

“बरी व्हायला नाही मागितलेलं,” ती म्हणाली. “तू जगावास म्हणून मागितलं होतं. तू जगलास. आता ते राहिलं तर मी त्याला तोंड कसं दाखवू?”

तिनं उशाशी सहाण आणि चंदनाचं खोड आणून ठेवायला लावलं. खोड झिजून बोटाएवढं राहिलं होतं. मला वाटतं, काविळीच्या वेळचंच असावं.

मी बायकोशी बोललो. ती भाकरी थापत होती. हात थांबला आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “आवस जिती आसताना? आनी ती अशी आजारी आसताना?” मग एकदम रडायला लागली. “माका भिया वाटता. तुमी तसे दारात उभे रवल्यात तर माझो जीव जातलो. आमी आपल्या हातान तिका बोलावणा कित्याक धाडूचा?” बोलावणं, म्हणजे मरणाचं. तिनं कट्ट्याला आपल्या आईला फोन लावला. तिथूनही तेच उत्तर आलं, जरा मोठ्या आवाजात.

मी तिच्यावर चिडू शकलो असतो. पण अम्माला अंथरुणावरून उठवून न्हाऊ घालणारी हीच. अम्माला स्वयंपाकघरात जाणं जमेना झाल्यापासून गडग्यावर कावळ्यांचा भात ठेवणारीही हीच. अम्मा आतून ‘का, का’ करायची, आवाज पोचायचा नाही, म्हणून ही बाहेर उभी राहून लाजत लाजत ‘का, का’ करायची. तिच्या भीतीत द्वेष नव्हता, अम्मावरचा जीवच होता. अम्माच्या मागणीत माझ्यावरचा. आणि दोघींच्या मधे मी, डोक्यावर पिकत चाललेले केस घेऊन. मला खरंच काही सुचत नव्हतं. वर्गात नवसावर निबंध लिहायला दिला असता तर मुलांना चार मुद्दे काढून दिले असते.

आणि एक सांगतो, बायकोची भीती माझ्या सोयीचीही होती. मी चकोट करून शाळेत गेलो की काय होईल ते मला दिसत होतं. शिक्षकांच्या खोलीत सगळे उठून उभे राहतील, शिपाई चहा पुढे करून हळू आवाजात विचारेल, “कधी झाला?” जित्या बापाचं सांत्वन मी एकदा पोटभर घेतलं होतं. जित्या आईचं घ्यायची माझी छाती नव्हती.

तरी एका रविवारी मी उठलो. अम्मानं आदल्या रात्री काही खाल्लं नव्हतं आणि सकाळी तिनं मला बघून फक्त चंदनाच्या खोडाकडे पाहिलं होतं. मी बायकोला न सांगता बाजारात आलो आणि आमच्या नेहमीच्या न्हाव्याच्या खुर्चीत बसलो. म्हटलं, चकोट कर.

त्याचे हात माझ्या गळ्याभोवती कापड बांधता बांधता थांबले. “मास्तर, म्हातारी आसा मा?”

“आहे.”

“मगे वस्तरो कित्याक?”

मी त्याला सगळं सांगितलं. नवस, ऑक्सिजन, तिकडची रीत. त्यानं सगळं नीट ऐकलं, आरशातून माझ्याकडे बघत. मग कापड सोडलं आणि झटकलं. “माका जमाचा नाय, मास्तर. दाढी करतंय, केस बारीक करतंय. पन तिच्या हातची चकली खाल्ली हा मी. ती जिती आसताना माझ्या हातान नाय.”

मी वाद घालायला हवा होता. मी मराठीचा शिक्षक, पंचवीस वर्षं वर्गात बोलतोय. पण त्यानं नाही म्हटलं आणि माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. मला बरं वाटलं. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही, इथे लिहितोय. सावंतवाडीला जाणारी एसटी समोर उभी होती. तिथे मला कोणी ओळखत नाही, तिथला कुठलाही न्हावी दहा मिनिटांत काम करून मोकळा झाला असता. मी एसटीकडे पाहिलं, घरी तपासायच्या वह्या पडल्यात असं स्वतःला सांगितलं आणि चालत घरी आलो.

अम्मानं माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी डोक्याकडे पाहिलं. मी तिच्या खाटेवर बसलो आणि न्हाव्याचं सांगितलं. ती हसली. किती दिवसांनी हसली. “चांगला माणूस आहे,” म्हणाली. माझ्या केसांतून तिनं हात फिरवला, काविळीत फिरवायची तसा. बोटं गार होती. “सावंतवाडीला कोण ओळखतं तुला?” तिलाही तेच सुचलं होतं.

“पुढच्या रविवारी,” मी म्हणालो.

“सरि,” ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी डायलिसिसला न्यायची गाडी दारात उभी होती. मी तिला खुर्चीत बसवून शाल गुंडाळत होतो. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, खाली घसरलं, मी नेहमीसारखं वर घेतलं. पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा वर घेताना मला कळलं. गाडीवाला बाहेरून हॉर्न वाजवत होता आणि मी तिचं डोकं धरून तसाच उभा राहिलो, कारण सोडलं की काय करायचं हे मला माहीत नव्हतं.

दहाव्याचे विधी घरामागच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी झाले, गडग्यापासून पन्नास पावलांवर. न्हावी न बोलावता आला होता. तोच. त्यानं मला पाटावर बसवलं, ओंजळभर पाणी डोक्यावर मारलं आणि वस्तरा लावला. त्याचा हात हलका होता. मधेच एकदा त्याचा हात थांबला. त्यानं नाक ओढलं आणि पुन्हा सुरू केलं. केस मांडीवर पडत होते, काळे आणि पांढरे. ज्याला कबूल केले होते त्याचे ते नव्हते आता. मी मूठभर उचलून ठेवू का असं मनात आलं. पण हे मर्तिकाचे केस, हे देवाला चालत नाहीत, ना तिकडे ना इकडे. त्यानं ते गोळा केले आणि व्हाळात सोडले. चार महिन्यांत पुन्हा केस येतील, ते नेऊन देता येतील. ते दाखवायचे कुणाला, हे मात्र मला सुचेना.

मग पिंड ठेवायची वेळ आली. भटजींनी पान मांडलं. वाडीतली म्हातारी माणसं मागे सरून उभी राहिली, कारण कावळा लवकर शिवत नाही हे सगळ्यांच्या अनुभवाचं. कुणाचा दुपारपर्यंत शिवत नाही, मग मुलगे हात जोडून आई तुझं अमुक करीन, तमुक करीन अशी कबुली देत बसतात. मीही हात जोडले. माझी कबुली तयार होती. तामिळमध्ये म्हणायची की मराठीत एवढंच ठरत नव्हतं.

मला तोंड उघडायलाही मिळालं नाही. भटजींचा हात पानावरून निघतो न निघतो तोच गडग्यावरून पाचसहा कावळे एकदम उतरले आणि पिंडावर तुटून पडले. दहा दिवस गडग्यावर भात पडला नव्हता. ते तिची वाट बघत होते, बाकी काही नाही. त्यांना भात दिसला, ते आले.

मागे एकच कुजबुज उठली. “बघलंस? पान ठेवच्या आदीच इले!” एका म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते. “सुटली रे. काय म्हणान इच्छा रवली नाय तिची. असा मरान कोणाक गावता? तिचो झील म्हणान तू सगळा केलंस.”

सगळे एकेक करून माझ्याजवळ आले. न्हावीही आला. मला त्यांना सांगायचं होतं की कावळे तिचे पाळलेले आहेत. की राहिलीय, एकच इच्छा होती आणि तीच राहिलीय, आत देवघरात खिळ्याला टांगलीय, येऊन बघा. पण ती माणसं इतक्या मायेनं बघत होती. मी मान खाली घातली आणि चौथीच्या वर्गात बसलो होतो तसा गप्प उभा राहिलो.

घरी आलो तर काकी ओट्यावर बसली होती. आता तिला नीट दिसत नाही, काठी टेकत येते. शेजारी पेजेचं पातेलं. बायको दारात उभी होती. तिनं माझं डोकं पाहिलं आणि तोंडात पदर कोंबून आत गेली. रात्री ती मला म्हणाली, मी अडवलंय तुमका. मी नाही म्हणालो, पण का नाही ते सांगितलं नाही.

ओट्यावर काकीनं चाचपडत माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “तेवा चुकान हाडलंय पेज,” ती म्हणाली. “आठवता? तुझो बापूस बांगडे घेवन इलो.” ती हसली आणि हसता हसताच तिचा आवाज फाटला. “आज कोण नाय येवचा रे दारात.”

तिनं वाटीत पेज ओतून माझ्या हातात दिली. मग विचारलं, “कावळो शिवलो मा बेगीन?”

“शिवलो,” मी म्हणालो.

“मगे बरा. काय रवला नाय मा तिचा?”

दारातून देवघर समोर दिसत होतं.

“नाय,” मी म्हणालो आणि पेज प्यायलो.